एका पायाचं पाणी

माझा उजवा पाय धुऊन झाला होता. डावा परातीच्या काठावर टेकवलेला. वहिनींच्या हातातला तांब्या तिरका झाला, पाणी अगदी तोंडाशी आलं, आणि तेवढ्यात त्यांच्या सासूबाईंनी विचारलं, "माहेर कुठलं गं तुझं?"

ते पाणी अजून खाली पडलेलं न्हाई.

मी थापाडी बाई आहे, हे आधीच सांगून ठेवते. नवीन जालन्यात बियाण्याच्या एका कंपनीत डीलर लोकांचे फोन घ्यायचं काम मी करायचे. समोरचा माणूस कितीबी वैतागलेला असो, मी त्याला एक किस्सा सांगायची. म्हणायची, आमची मिरची एका बाईनं अंगणात वाळत घातली, तर समोरच्या घरातल्या दोन चुलत जावा, ज्यांचा अबोला त्यांच्या सासवांपासून चालत आल्ता, त्या रडत रडत एकमेकींच्या गळ्यात पडल्या. म्हणायची, आमच्या कापसाचं बोंड एवढ्या जोरात फुटलं की गावाला वाटलं वरात आली, सगळ्यांनी फेटे बांधले. डीलर हसायचा आणि जास्तीचा माल सांगायचा. साहेब माझ्या टेबलाशी येऊन म्हणायचे, "ताई, निम्मी कंपनी तुमच्या जिभेवर चालते." ही मात्र थाप न्हाई. ते चारचौघांत म्हणायचे.

पण आज जे सांगून राह्यले त्यात तिळाएवढं बी वाढवलेलं न्हाई. वाढवायला त्यांनी जागाच ठेवली न्हाई.

साहेब भोकरदनकडचे. गावाकडं जमीन, इथं बंगला. त्यांच्या घरी महालक्ष्म्या बसतात. आमच्या मराठवाड्यात महालक्ष्म्यांचा जो रुबाब असतो तो दिवाळीलाबी नसतो. आणि त्यात सवाष्ण म्हणून कुणाच्या घरी बोलावणं येणं म्हणजे विचारूच नका. दारात पाय धुतात. पावलांवर हळदीकुंकू लावतात. मखरासमोर पाटावर बसवतात, आणि घरातल्या कुणीबी घास तोंडात घ्यायच्या आधी तुम्हाला जेवू घालतात. मखरात दोन लक्ष्म्या उभ्या असतात. त्या दिवशी तिसरी लक्ष्मी तुम्ही.

साहेबांच्या बायकोनं, वहिनींनी, स्वतः फोन केल्ता. "ताई, या वर्षी सवाष्ण म्हणून तुम्हीच यायचं. न्हाऊन या. आणि काही खाऊन येऊ नका बरं का, आमच्याकडे उपाशीपोटी बसवतात."

मी तो फोन ठेवला आणि आधी आईला लावला.

आई मंठ्याकडच्या गावात राहते. आमची वस्ती ओढ्यापलीकडं. आम्ही मातंग. आई फडे बांधते, शिंदीच्या पानांचे झाडू. दिवाळीला लोक नवीन फडा आणतात, त्याला लक्ष्मी म्हणतात, हळदीकुंकू वाहतात. फडा देवघरापर्यंत जायचा. आई मागच्या दारापर्यंत. आमच्या अख्ख्या घराण्यात कुणाच्या पाटावर सवाष्ण म्हणून कुणी बसलेलं न्हवतं. मी पहिली.

 आई म्हणाली, "सगळं बघून ये. पाट कसा असतो, पहिलं काय वाढतात, पाय कशानं पुसतात. मला सांग. अन् तुझ्या सवयीनं वाढवून सांगू नको. जसं असंल तसं सांग."

मी म्हणलं, "तसंच सांगते."

त्या दिवशी सकाळपासून पाण्याशिवाय पोटात काही न्हवतं. डोक्यावरून न्हाले, हिरव्या बांगड्या भरल्या. नवरा टेम्पो चालवतो. त्यानं टेम्पोचं सीट पुसून त्यावर चादर टाकली, मला बंगल्याच्या गेटाशी सोडलं आणि म्हणाला, "महालक्ष्मीबाई, वापस न्यायला कधी येऊ?" मी म्हणलं, "जेवण पचलं की."

गेटापासून मखरापर्यंत रांगोळीची लक्ष्मीची पावलं काढलेली. नाजूक. चिमणीएवढ्या बाईची वाटावीत अशी. मी त्यांच्या बाजूबाजूनं चालत दारापर्यंत गेले. वहिनींनी हसून परात पुढं केली. गरम पाणी. उजवा पाय धुतला, पुसला. लई मऊ रुमाल होता. मी मनात म्हणलं, आईला रुमालाचं सांगायचं.

आणि मंग तो सवाल आला.

"मंठ्याकडचं माहेर, काकू."

"अगं बाई. माझं आजोळ तिकडंच. कुणाची तू?"

"गायकवाडांची."

"मळ्यातल्या का?"

"न्हाई काकू, ओढ्यापलीकडच्या. माझी आजी फडे बांधायची, आता आई बांधती. तुमच्या आजोळचं अंगण आमच्याच फड्यानं झाडलं असंल."

हे मी हसून सांगितलं. मला वाटलं, ओळख निघाली. माझं हसणं मलाच ऐकू आलं. दुसरं कुणी हसलं न्हाई.

सासूबाई तांब्याकडं बघत म्हणाल्या, "पाणी गार झालं असेल गं. गरम करून आण."

तांब्यातून वाफ निघून राह्यली होती. वहिनींनी वाफेकडं बघितलं, सासूकडं बघितलं, आणि तांब्या घेऊन आत गेल्या. मागून कामवाली आली, परात उचलून घेऊन गेली. मी तिथंच. एक पाय ओला, एक कोरडा. पोर्चमध्ये साहेब पाहुण्यांसंगं उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि खिशातला मोबाईल काढला. मोबाईल वाजला न्हवता.

बऱ्याच वेळानं वहिनी आल्या. तांब्या न्हवता. तोंडावर तेच हसू.

"अहो ताई, बाहेर का उभ्या? या ना. इकडून या, बाजूनं. दारात गर्दी होते."

मला बाजूच्या बोळातून हॉलमध्ये नेलं. फरशीवर माझ्या एकाच पायाचा ओला ठसा उमटत गेला. वहिनी कानाशी आल्या. हात माझ्या खांद्यावर.

"ताई, तुम्ही समजदार आहात म्हणून सांगते. आईंचं वय झालंय, त्यांच्या मनाला उगीच लागून राहतं. मी तर असलं काही मानत नाही. पाटावर मी समोरच्या काकूंना बसवते. तुम्ही इथं छान बसा. बायकांना तुमचे किस्से सांगा. साहेब इतकं कौतुक करतात तुमचं."

शिवी दिली असती तर मी दुप्पट देऊन निघून गेले असते. आमच्या वस्तीत शिव्यांचं शिक्षण लई बराबर होतं. पण समजदार म्हणलं की काय करायचं, हे मला कुणी शिकवलेलं न्हवतं. मी मान हलवली. बसले.

हॉलमध्ये दर्शनाला आलेल्या बायका. एक म्हणाली, "याच का त्या गमतीदार ताई? सांगा ना काहीतरी."

आणि मी सांगितलं. जिभेला सवय. म्हणलं, माझ्या आईच्या हातची पुरणपोळी तुम्ही बघितलेली न्हाई. इतकी पातळ की लाटून झाली की वारं यायचं आणि पोळी उडायची. मागं पळायला आई आम्हा भावंडांना ठेवायची. एकदा एक पोळी उडत उडत दुसऱ्या गावच्या सरपंचाच्या डोक्यावर बसली, त्याला वाटलं नवी टोपी, तशीच घालून तो पंचायतीच्या मीटिंगला गेला, आणि मीटिंगमधी मुंगळे आले तवा सापडला.

बायका हसून हसून लोळल्या. एकीनं डोळ्यांना पदर लावला.

मी बोलून राह्यले होते आणि समोरच्या उघड्या दारातून बघून राह्यले होते. तो पाट. चांदीची फुलं जडवलेला. समोर केळीचं पान. समोरच्या बंगल्यातल्या काकू आल्या. तीच परात, तोच मऊ रुमाल. उजवा पाय. डावा पाय. दोन्ही. पाणी आपोआप गरम झालं होतं. काकू पाटावर बसता बसता म्हणाल्या, "अगं, मी आत्ताच जेवले. ऐनवेळी फोन केलास." आणि ढेकर दिला. वहिनी म्हणाल्या, "नुसतं उष्टं करा हो काकू, पानावर बसल्याशी मतलब."

पुरणाचा वास हॉलपर्यंत येत होता. माझं पोट सगळ्या बायकांना ऐकू जाईल एवढं वाजलं. मी आणखी एक किस्सा सांगितला, म्हणजे ते ऐकू जाणार न्हाई.

पंगत झाली. दुसरी झाली. मला कुणी ऊठ म्हणलं न्हाई, बस म्हणलं न्हाई. शेवटी वहिनी पेढ्यांचा बंद डबा घेऊन आल्या. वरचा प्लास्टिकचा कागदबी काढलेला न्हवता.

"हे घरी न्या ताई. स्वयंपाकातलं काही देता येत नाही, रागावू नका. आमच्याकडे लक्ष्मीचा प्रसाद घराबाहेर जात नाही. उष्टं सुद्धा अंगणात खड्डा करून पुरतो आम्ही. हे दुकानातलं आहे, हे चालतं."

मी डबा घेतला. त्या तिथंच उभ्या. मंग एकदम गोड आवाजात, "ताई, एक काम सांगू का? माळी गावी गेलाय. खड्डा खणून ठेवलाय मागं. पानं तेवढी आत टाकून माती ओढायची. तुम्हाला शेतातल्या कामाची सवय असेल ना? या बायकांना कुठलं जमतंय."

मी गेले. सांगताना जीभ अडते, पण गेले. कुणी मला पहिल्यांदा लक्ष्मी म्हणून बोलावलं होतं आणि मी अजूनबी आशेनं होते, की हे काम झालं की म्हणतील, चला ताई, आता तुमचं पान वाढते.

मागच्या अंगणात खड्डा. मी फावडं हातात घेतलं. शेजारी टोपल्यात पानं. सगळ्यात वर समोरच्या काकूंचं. नुसतं उष्टं केलेलं. पुरणपोळीचा एक कोपरा मोडलेला, बाकी अख्खी. वर तूप गोठलेलं. सोळा भाज्या जशाच्या तशा. वडे. आंबील पानाच्या शिरांतून ओघळून राह्यली होती. त्या पानावर मी बसणार होते.

मी सगळ्या जालना जिल्ह्याला गंडवलंय. पोटाला गंडवता येत न्हाई. मी खाली बघितलं तर माझा हात पोळीकडं गेल्ता. हिरव्या बांगड्या भरलेला हात. माझाच.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून वहिनींचा आवाज आला. रागावलेला न्हाई. मायेचा.

"खाल्लंत तरी चालेल हो ताई. तिथल्या तिथं. फक्त गेटबाहेर नको."

हात थांबला.

त्या बाईला खरंच वाटत होतं की ती माझ्यावर उपकार करून राह्यलीय. तिच्या तोंडावर कपट शोधलं, सापडलं न्हाई. कपट असतं तर बरं झालं असतं. ती मला चांगुलपणानं उष्ट्यावर बसवून राह्यली होती.

मी फावडं टाकलं. पेढ्यांचा डबा त्या पानांवर ठेवला. खड्ड्यातून काढलेल्या मातीत दोन्ही पाय घातले, धुतलेला आणि न धुतलेला, घोट्यापर्यंत. ओली काळी माती. चांगले घोळवले. आणि तशीच मागच्या दारानं आत शिरले. स्वयंपाकघरातून, पाटाजवळून, मखरासमोरून, हॉलमध्ये.

बायका म्हणाल्या, "आल्या आल्या. ताई, आणखी एक होऊ द्या."

"सांगते," मी म्हणलं. "एक बाई होती. तिला मोठ्या घरी सवाष्ण म्हणून बोलावलं. सांगितलं, उपाशी ये. दारात तिचा एक पाय धुतला आणि दुसऱ्याच्या वेळेला तिची वस्ती विचारली."

दोघीजणी हसल्या. त्यांना वाटलं आता पोळी उडणार.

"वस्ती कळली तसं पाणी गार झालं. तिच्या पाटावर जेवून आलेली बाई बसवली. तिला म्हणले, तू गोष्टी सांग. मंग म्हणले, उष्टं पूर. मंग म्हणले, खाल्लं तरी चालेल, पण खड्ड्यापाशी."

आता कुणी हसून राह्यलं न्हवतं. बायका माझ्या पायांकडं बघत होत्या.

सासूबाई म्हणाल्या, "सणाच्या दिवशी घरात असं बोलू नये."

"सणाच्या दिवशीच झालं, काकू. म्हणून सणाच्या दिवशीच बोलते." मी डावा पाय पुढं केला. "वहिनी, हा पाय राह्यला. परात आणा."

वहिनींनी माझ्याकडं बघितलं.  आणि त्या रडल्या. मोठ्यानं, सोफ्यावर बसून. "मी इतक्या प्रेमानं बोलावलं," म्हणाल्या. सगळ्या बायका त्यांच्याकडं धावल्या. कुणी पाणी आणलं, कुणी पाठ चोळली. एक माझ्याकडं वळून म्हणाली, "बघा, केवढं लागलं त्यांना. माणसानं थोडं तरी बघावं कुणाच्या घरी आलोय." पाण्याचा ग्लास किती जल्दी आला, हे मी बघून ठेवलं.

मी निघाले. आत येताना ज्या रांगोळीच्या पावलांच्या बाजूबाजूनं गेल्ते, जाताना त्यांच्यावरून गेले. मखरापासून गेटापर्यंत. ती पावलं आत येणारी, माझी बाहेर जाणारी. माझी मोठी होती. सगळी झाकली गेली.

नवरा गेटाशी आल्ता. हसत म्हणाला, "पचलं का?" मंग माझे पाय दिसले. त्यानं सीटवरची चादर काढायला हात घातला, की चिखल लागंल. थांबला. चादर तशीच राहू दिली.

संध्याकाळ व्हायच्या आत आईचा फोन आला. वाटच बघत बसल्ती.

"कसं झालं?"

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. माझ्यासारख्या बाईला काय अवघड? चांदीचा पाट, वारा घालायला दोन सुना, साहेबाची आई पदरानं माझे पाय पुसून राह्यली. म्हातारी ते वस्तीभर सांगत फिरली असती. तिच्या मरणापर्यंत पुरलं असतं.

पण ती म्हणली होती, जसं असंल तसं सांग. मी तसं सांगितलं. पाण्यापासून खड्ड्यापर्यंत.

 आईनं विचारलं, "ती पोळी खाल्ली न्हाईस ना?"

"न्हाई."

"मी खाल्लीय," आई म्हणाली. "फडे द्यायला गेले की मागच्या दारी पान ठेवायचे. पोळ्या झटकून घ्यायची. उष्टा भाग तोडायची. तुम्हा पोरांना तीच चारलीय. सण म्हणून."

मी आयुष्यभर आईच्या पोळीच्या गोष्टी सांगितल्या. वाऱ्यानं उडणारी, सरपंचाच्या डोक्यावर बसणारी. आमच्या चुलीवर कधी पुरण शिजलेलं मला आठवतच न्हाई, हे त्या दिवशी ध्यानात आलं. सगळ्या पोळ्यांचा एक कोपरा मोडलेला असायचा, ते मात्र आठवलं. मी विचारायची, हा कोपरा कुठं गेला. आई म्हणायची, चिमणीनं नेला.

थापा मारायला मी कुणाकडून शिकले, ते कळलं.

सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "ताई, बायकाबायकांत होतं असं. तुमच्या वहिनी तेव्हापासून नीट जेवल्या नाहीत. एक फोन करून सॉरी म्हणून टाका. विषय संपला."

"मी बी जेवले न्हवते, साहेब."

"तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही. पण डीलरशी बोलायचं म्हणजे स्वभाव हसतमुख पाहिजे."

"फोन करणार न्हाई," मी म्हणलं.

त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर दुसरी पोरगी बसली. मला गोदामात टाकलं, पिशव्यांना लेबलं लावायला. तिथं पंखा न्हाई आणि बियाण्याला लावलेल्या औषधाच्या वासानं डोकं धरतं. बायका म्हणतात, ताई, एखादा किस्सा सांगा, वेळ जाईल. मी त्यांना हाच सांगते. नवीन बाई कामाला लागली की पहिल्या दिवशी सांगते. डीलर माल न्यायला येतात, माझा आवाज ओळखतात, विचारतात, ताई, फोनवर का न्हाई आता? त्यांनाबी सांगते. साहेबांच्या कानावर जातं, हे मला ठाऊक आहे. जाऊ दे. निम्मी कंपनी ज्या जिभेवर चालायची, तीच ही.

महालक्ष्म्या परत जवळ आल्या आहेत. माझ्या टेबलावर बसते ती पोरगी परवा गोदामात आल्ती. चांगली आहे बिचारी. म्हणाली, "ताई, आमच्या घरी सवाष्ण म्हणून याल का?"

मी हातातलं लेबल खाली ठेवलं. तिला माझं माहेर सांगितलं. ओढा सांगितला, त्याच्या पलीकडची वस्ती सांगितली, आईचे फडे सांगितले. जात सांगितली, शेवटच्या बाईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. म्हणलं, "आता सांग, येऊ का?"

ती लाल झाली. म्हणाली, "घरी विचारून सांगते."

अजून विचारून राह्यली असंल.

विचारू दे. मी आता दारात उभी राहून कुणाच्या सवालाची वाट बघणार न्हाई. माझं सगळं मी आधी सांगणार, फोनवर, रस्त्यावर, चारचौघांत. ज्याला पाय धुवायचेत त्यानं ते ऐकून घ्यावं, मंग खाली बसावं आणि दोन्ही धुवावेत. एका पायाचं पाणी मी कुणाकडून घेणार न्हाई. आणि आईला दिलेल्या पानांचा हिशेब प्रत्येक दारात जाऊन विचारणार आहे. पुढच्या दारानं.